वर्तुळाबाहेरचं किन्हीराजा

"वर! अजून वर! अबे हेमला, खाली काहून उतरून राह्यला? वर म्हटलं मी!"

"फांदी लवून राह्यली नं! मी पडलो तर?"

"तू पडला तर चालीन. तार नाई पडली पाह्यजे!"

एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने तार धरलेल्या हेमलाला कडुनिंबाच्या शेंड्यावर हसू आलं. खाली पंचफुला कमरेवर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात चावडीच्या ओट्यावरून अन्सार ओरडला, "एक वाजाले आला! बायका येऊन बसल्या! आवरा नं लवकर!"

हेमलाने सैल झालेल्या तारेला शेवटचा पीळ दिला, सरसर खाली उतरला, आणि तिघंही चावडीकडे धावत सुटले.

१९४९ सालच्या वैशाखातली ही गोष्ट. तेव्हा किन्हीराजात वीज नव्हती, पण रेडिओ होता! लहानशा ट्रंकेएवढी लाकडी पेटी आणि तिच्याशेजारी एक जड बॅटरी. गावोगावी रेडिओ देण्याची एक योजना निघाली होती, तिच्यातून दिवाळीत ही पेटी चावडीत आली. पेटीतून दोन तारा निघत. एक वर जाई, कडुनिंबापासून समोरच्या बांबूपर्यंत. ती हवेतला आवाज पकडते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसरी खिडकीतून बाहेर पडून भिंतीलगत जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईला बांधलेली होती. ही खालची तार कशासाठी, हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. ज्याने ती सळई रोवली, तो रोवून निघून गेला होता आणि कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

सुट्टी लागताना नानाजी गुरुजींनी वर्गाला सांगितलं होतं, "सुट्टीत रोज एक गोष्ट मोजा. काय ते तुम्ही ठरवा. पण रोज मोजा, आणि खरं लिहा." कुणी विहिरीचं पाणी मोजत होतं, कुणी म्हशीचं दूध. पंचफुलाने ठरवलं, आपण आवाज मोजायचा!

पंचफुला पोलीस पाटील उकंडरावांची नात, वय वर्षं बारा. अन्सार टिनाचं काम करणाऱ्या रऊफभाईंचा मुलगा. रेडिओच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम त्याच्या अब्बांकडे होतं. हेमला जवळच्या तांड्यातला. त्याला चढता येणार नाही असं झाड अजून उगवायचं होतं. तिघांची मोजायची रीत सोपी होती. रोज दुपारी एक वाजता नागपूर केंद्र लावायचं. पंचफुलाने डोळे मिटून दहा शब्द ऐकायचे आणि जेवढे नीट कळले तेवढे गुण द्यायचे. अन्सार चावडीच्या मागच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिही. आठ, नऊ, सात, आठ, नऊ… अठरा दिवसांचे अठरा आकडे भिंतीवर ओळीने उभे होते.

पण आज मंगळवार होता, आणि मंगळवारी गुण देण्यापेक्षा ऐकण्याचीच घाई असे. दर मंगळवारी नागपूरहून एक डॉक्टरबाई 'आई आणि बाळ' या विषयावर बोलत. चावडीत पंचवीस-तीस बाया दाटीवाटीने बसत आणि सर्वांत पुढे, पेटीला जवळजवळ कान लावून, प्रयागबाई बसे.

प्रयागबाई गावची सुईण. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. पंचफुलाही, अन्सारही. तिला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून ती सुताचा एक दोरा घेऊन बसे आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला एक गाठ मारी. पाणी उकळून घ्या, एक गाठ. नाळ कापायचं पातं उकळत्या पाण्यातून काढा, दुसरी गाठ. घरी जाताना एकेका गाठीवर बोट ठेवून ती सगळं पुन्हा म्हणून पाही.

आजचं भाषण संपत आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी आपण एक फार महत्त्वाची गोष्ट बोलणार आहोत. जन्मल्यावर बाळ रडलंच नाही, तर घाबरून न जाता काय करायचं?"

प्रयागबाईचा हात दोऱ्यावर थांबला. तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंतीला टेकून तिची लेक रुख्मिणी बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ जन्मलं ते रडलं नाही. प्रयागबाईने येत होतं ते सगळं केलं, पण ते बाळ हाती लागलं नाही.

बाया उठून गेल्या तरी प्रयागबाई बसूनच होती. पंचफुला तिच्याजवळ जाऊन बसली.

"प्रयागमाय, काय झालं वं?"

"काई नाई, बाई." तिने पदराने डोळे पुसले. "तवा मले हे कोनी सांगतलं असतं तर… जाऊ दे. पुढच्या मंगळवारी मले सकाळीच आठवन दे. एक शब्द सुटला नाई पाह्यजे."

"एकबी नाई सुटणार!" पंचफुला म्हणाली. "तार आमी हेमलाच्या शेंडीले बांधू, पण आवाज आणू!"

"मले शेंडी नाई!" हेमला ओरडला, आणि प्रयागबाई हसली.

* * *

गुरुवारी पत्र आलं. योजनेचे साहेब शनिवारी गावात येणार होते, रेडिओची तपासणी करायला.

झालं! उकंडराव पाटलांच्या अंगात वारंच शिरलं.

"साहेब येऊन राह्यला! गाव कसं आरशासारखं दिसलं पाह्यजे! चुना आणा! मुरूम आणा! तो चिखल कोनाचा? थो रांजण आधी हलवा तिथून!"

शुक्रवारचा अख्खा दिवस चावडीभोवती झाडझूड चालली. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. संध्याकाळपर्यंत भिंतींना पांढराशुभ्र चुना लागला. चावडीच्या भिंतीलगत वाटसरूंसाठी पाण्याचा एक मोठा पाझरणारा रांजण असे, त्याच्याखाली नेहमी चिखल असायचा. तो रांजण चार माणसांनी उचलून कडुनिंबाखाली नेला आणि चिखलावर पाटलांनी स्वतःच्या हाताने कोरडा मुरूम पसरला.

"आबाजी, आता बस करा," पंचफुला म्हणाली. "साहेब रेडिओ पाह्यले येऊन राह्यला, नवरी पाह्यले नाई!"

"तू गप वं! तुले काय समजते?"

शनिवारी बाराच्या मोटारीने साहेब उतरले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम झालेले, पण बोलायला गोड. त्यांनी चहा घेतला, तोरणाचं कौतुक केलं, घड्याळ पाहिलं आणि रेडिओची कळ फिरवली.

खर्रर्रर्र…

त्यांनी काटा इकडे केला, तिकडे केला. खर्रर्र! मध्येच कुणीतरी फार दूरवर, उशीखाली तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं, आणि पुन्हा खर्रर्र!

"शून्य!" पंचफुला पुटपुटली. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "काल आठ होते. आज शून्य!"

साहेबांनी मात्र मान डोलावली. जणू त्यांना हेच हवं होतं. पिशवीतून त्यांनी एक रंगीत कागद काढून ओट्यावर पसरला. मधुनाद रेडिओ कंपनीची ती जाहिरात होती. वऱ्हाडाच्या नकाशावर नागपूरभोवती लाल रंगाचं एक मोठं, गुळगुळीत वर्तुळ, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं: 'या वर्तुळात कुठेही, केव्हाही! आवाज घंटेसारखा खणखणीत!'

"हे पाहा, पाटील," साहेब म्हणाले. "कारंजा वर्तुळाच्या आत आहे. तुमचं किन्हीराजा नखभर का होईना, पण बाहेर आहे. इथे सेट चुकून आला. कारंजाच्या बाजूचं एक गाव रेडिओ मागतंय. तिकडे तो घंटेसारखा वाजेल."

"पण साहेब, इथं तो वाजते!" पंचफुला पुढे झाली. "बावीस दिवस आमी मोजून राह्यलो! आठ, नऊ, सात… या, तुमाले भिंतीवर दाखवतो!"

ती साहेबांना घेऊन चावडीच्या मागे धावली आणि जागीच थबकली. भिंत पांढरीशुभ्र होती. एकही आकडा नव्हता.

"माझे आकडे!"

"थे आकडे होते काय?" उकंडराव खाकरले. "मले वाटलं, कोनंतरी कोळशानं भिंत घान करून ठेवली!"

साहेबांनी पंचफुलाच्या डोक्यावर हलकेच थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ. छापलेला नकाशा आहे हा. मी आज शेजारच्या मालेगावला जातो. मंगळवारी बाराच्या मोटारीने परत येईन आणि दोनच्या मोटारीने सेट घेऊन जाईन. पाटील, पेटी बांधून ठेवा."

मंगळवारी! एक वाजता भाषण, आणि त्याआधीच पेटी गोणपाटात!

कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रयागबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती घराकडे चालू लागली.

* * *

"तोरणच असीन!" हेमला म्हणाला. "पानं तारेले लागून राह्यली."

त्याने तोरण सोडवलं. खर्रर्र!

"बॅटरी उतरली असीन," अन्सार म्हणाला. बॅटरी बदलली. खर्रर्र!

"अब्बा उद्या कारंजाले जाऊन राह्यले, रिकामी बॅटरी भराले द्यायची हाये," अन्सार म्हणाला. "जिथं बॅटऱ्या भरतात त्या मिस्त्रीकडं रेडिओबी हाये. आपण त्यालेच विचारू! अन् वर्तुळाच्या आत घंटा कशी वाजते, थेबी आयकू!"

रविवारी सकाळी रऊफभाईंसोबत पंचफुला आणि अन्सार मोटारीत बसले. रेडिओची राखण करायला हेमला गावातच राहिला. कारंजात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मिस्त्रीचं दुकान म्हणजे तेलाने काळं झालेलं एक खोपटं. आत एक इंजिन धडधडत होतं आणि त्याला जोडलेल्या यंत्रावर ओळीने बॅटऱ्या लावलेल्या होत्या. फळीवर एक झकास रेडिओ होता. आणि भिंतीवर तोच लाल वर्तुळाचा नकाशा!

"चाचा, नागपूर लावता काय?" अन्सारने विचारलं.

मिस्त्री मोठ्याने हसला. "या टायमाले? लावतो. भजे तळल्यासारखं आयकू यीन!"

आणि खरंच! चर्रर्र, तड् तड्! मिस्त्रीने इंजिन थांबवलं तेव्हा तडतड गेली, पण त्यामागचा आवाजही जेमतेमच होता. पंचफुलाने डोळे मिटून दहा शब्द मोजले. तीन कळले.

"पण नकाशात तर घंटा वाजते म्हणे!"

"अवं बाई, थो नकाशा! कंपनीचा मानूस आला होता इथं. रात्री जेवन झाल्यावर यानं रेडिओ लावला. रात्री काय, नागपूर काय अन् दिल्ली काय, सारं आयकू येते! रात्री आवाज लय दूर जाते. यानं कागदावर एक टिंब काढलं अन् सकाळच्या मोटारीनं गेला. दिवसा आयकलंच नाई त्यानं. मंग घरी जाऊन थाळी फिरवल्यासारखं गोल ओढलं असीन!"

पंचफुला आणि अन्सार एकमेकांकडे पाहतच राहिले.

मुलांनो, मिस्त्री खरं तेच सांगत होता. अशा रेडिओच्या लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि थोड्याच अंतरावर थकतात. रात्री त्या वर आभाळाकडे जाऊन तिथून परत खाली वळतात आणि शेकडो कोस लांब उतरतात. म्हणून एकाच गावात रात्री जे ऐकू येतं, ते दुपारी येईलच असं नाही.

"म्हणजे वर्तुळाच्या आत तीन," परतताना पंचफुला बोटं मोजत म्हणाली, "अन् बाहेर आपल्याकडं आठ-नऊ. नकाशा दोन्हीकडून खोटा!"

"पण आपल्याकडं आता शून्य हाये नं," अन्सार हळूच म्हणाला. "तुझ्या आठावर कोन भरोसा ठेवीन?"

तेही खरंच होतं. आणि परतीची मोटार पकडायच्या गडबडीत मिस्त्रीला आपला रेडिओ का बसला हे विचारायचं राहूनच गेलं होतं!

* * *

सोमवारची भर दुपार. तिघंही कडुनिंबाखाली हिरमुसून बसले होते. पंचफुलाच्या पायाशी दोन कोंबड्या ओल्या मातीत अंग रुतवून डोळे मिटून पडल्या होत्या.

"ह्या कोंबड्या इथं काहून?" पंचफुला एकदम म्हणाली.

"उन्हाच्या बसल्या. तुले काय करायचं?" हेमला म्हणाला.

"नाई रे! ह्या रोज चावडीच्या भिंतीपाशी राहतात. सळईजवळ. तुले आठवते नं? तार पाह्यले गेलं की पायात यायच्या!"

"रांजण इकडं आला, म्हणून कोंबड्या इकडं आल्या," अन्सार म्हणाला. "ओल पाह्यजे त्याईले."

पंचफुला ताडकन उठली. "ओल! अन्सार, शुक्रवारी आठ होते, शनिवारी शून्य. मधात काय झालं? तोरण लागलं, थे नाई. बॅटरी, थे नाई. चुना लागला. अन् रांजण हलला! तिथं जमिनीत आणखी काय जाते?"

तिघंही भिंतीकडे धावले. पंचफुलाने दोन्ही हातांनी मुरूम बाजूला सारला. खालच्या काळ्या मातीतली ओल कोरड्या मुरमाने एका रात्रीतच शोषून घेतली होती आणि वैशाखाच्या उन्हाने ती माती तडकली होती. आपल्याकडची काळी माती कशी आकसते, ते तुम्ही पाहिलंच असेल. भेग एवढी की तिच्यात पंचफुलाचा हात मनगटापर्यंत गेला. आणि त्या भेगेत ती लोखंडी सळई उभी होती, हलणाऱ्या दुधाच्या दातासारखी! तिला जमीन नीट लागतच नव्हती. वरची तार आवाज पकडते, पण खालची तार ओल्या जमिनीला घट्ट चिकटलेली असेल तरच तो पेटीत नीट उतरतो.

"पाणी आणा!" पंचफुला ओरडली.

पण पाणी कुठून आणणार? वैशाखात विहिरीचा तळ दिसत होता. एकेका घागरीसाठी बाया तासभर रांगेत उभ्या राहत. हेमला म्हणाला, "बैलाच्या दोणीत थोडं असीन…" इतक्यात समोरून प्रयागबाई येताना दिसली. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी.

"काय चाललं रे पोट्टेहो? माती काहून उकरून राह्यले?"

पंचफुलाने धापा टाकत सगळं सांगितलं. प्रयागबाईने ऐकून घेतलं. तिला तारेतलं काही कळलं की नाही, देव जाणे. तिने कमरेवरची घागर उतरवली आणि सगळीच्या सगळी त्या भेगेत ओतली.

"प्रयागमाय! अख्खी घागर?"

"आनीन मी दुसरी. तुमी आयका!"

गट् गट् करत भेगेने पाणी पिऊन टाकलं. हेमलाने पायाने ओली माती सळईभोवती घट्ट दाबली. अन्सारने आत जाऊन कळ फिरवली होती.

"काय म्हणते रे?" पंचफुलाने खिडकीतून विचारलं.

"खर्रर्र… थांब. कोनीतरी बोलून राह्यलं. दोन… चार कळले!"

प्रयागबाईने डोक्यावरची घागरही उतरवली. अर्धी ओतली.

"सहा! पंचफुले, सहा! अबे, आठ! आठ!!"

हेमलाने चिखलातच कोलांटी मारली. पंचफुला मात्र प्रयागबाईच्या गळ्यात पडली होती.

तिने लगेच आबाजींना गाठलं. पण उकंडराव ऐकतील तर ना!

"आबाजी, रांजण परत तिथं ठेवा नं!"

"साहेब जाईपर्यंत रांजण हलणार नाई! चिखल पाहून साहेब काय म्हणीन? गावाची इज्जत हाये का नाई?"

"अवो, पण रेडिओ…"

"नाई म्हणजे नाई!"

पंचफुला बाहेर आली. तिचे डोळे चमकत होते. "रांजण नाई हलत तर नाई. आपण बाया हलवू!"

* * *

मंगळवारी बाराच्या मोटारीने साहेब आले. पेटी ओट्यावर आणली होती, पण अजून बांधली नव्हती. अन्सारला गावभर शोधूनही सुतळी सापडली नव्हती! ती तो स्वतः मांडीखाली घेऊन बसला होता, ही गोष्ट वेगळी.

चावडीत बाया जमू लागल्या. आज प्रत्येकीच्या हातात एक तांब्या होता. प्रत्येक बाई आत येण्याआधी चावडीच्या मागून वळसा घालून येत होती, आणि येताना तिचा तांब्या रिकामा असे. मागे हेमला सळईपाशी उकिडवा बसून पायाने माती दाबत होता.

"आज एवढ्या बाया कशा?" साहेबांनी विचारलं.

"निरोप द्याले आल्या रेडिओले," पंचफुला अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली.

साहेबांनी पावतीचा कागद काढून उकंडरावांपुढे धरला. "इथे सही करा, पाटील."

"चष्मा घरी राह्यला," उकंडराव म्हणाले. "पंचफुले, वाचून दाखव वं."

पंचफुलाने खणखणीत आवाजात वाचलं, "'सदर रेडिओ संच चालू असल्याची खात्री करून ताब्यात घेतला…' साहेब, खात्री केली काय?"

"अगं, शनिवारी पाहिलाच की आपण."

"शनिवारी तर तो बंदच होता! मंग आमचे आबाजी चालू म्हणून सही कशी करतीन? खोट्या कागदावर पाटलाची सही?"

उकंडरावांनी उचललेला हात खाली घेतला. गावाच्या इज्जतीचा प्रश्न होता! "हे मात्र बरोबर हाये, साहेब," ते म्हणाले. "एकदा लावून पाहा."

साहेब हसले. "बरं बाबा! लावू. पण खरखरच ऐकायची आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. एकाला दोन मिनिटं होती. पंचफुलाने दोन्ही तारा जोडल्या. साहेबांनी कळ फिरवली.

क्षणभर काहीच नाही. प्रयागबाईने डोळे मिटून घेतले.

आणि मग पेटीतून स्वच्छ, मोकळा आवाज आला. "नागपूर केंद्र. भगिनींसाठी आजचं भाषण…"

साहेबांचा हात कळेवरच राहिला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात तीस बायांनी एकदम "शूऽऽ!" केलं. साहेब ओट्यावर बसले.

डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या. बाळ रडलं नाही तर त्याला उलटं टांगू नका, मारू नका, गार पाणी शिंपडू नका. स्वच्छ मऊ कापडाने तोंड आणि नाक हलकेच पुसा. पाठीवरून हात चोळा. कोरड्या कापडात गुंडाळून ऊब द्या. प्रयागबाईची बोटं दोऱ्यावर चालत होती. रुख्मिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. साहेबही मान खाली घालून ऐकत होते.

भाषण संपलं. साहेबांनी रुमालाने चेहरा पुसला. "हे कसं झालं?"

"चला, दाखवतो!" अन्सार त्यांना मागे घेऊन गेला. साहेब भिंतीशी आले आणि त्यांचा चकचकीत बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला! उकंडरावांनी कपाळाला हात लावला.

पण साहेब रागावले नाहीत. त्यांनी सळई पाहिली, बाजूला सारलेला मुरूम पाहिला, कडुनिंबाखालचा रांजण पाहिला. पंचफुलाने त्यांना सगळं सांगितलं. बावीस दिवसांचे गुण, कोंबड्या, कारंजाचे तीन शब्द आणि रात्री जेवून टिंब काढणारा कंपनीचा माणूसही.

"साहेब," शेवटी तिने विचारलं, "तुमी सोता कारंजाले दुपारी आयकलं काय?"

साहेबांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "नाही, बाळ. मी कागद पाहिला. कान लावले नाहीत. चूक माझी आहे."

"माझीबी हाये," उकंडराव खाली मान घालून म्हणाले. "गाव चकाचक केलं अन् आवाजच पुसून टाकला."

साहेबांनी नकाशा काढला. वर्तुळाबाहेर, किन्हीराजाच्या टिंबाजवळ त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: 'दुपारी एक, दहापैकी…' आणि त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं.

तिने डोळे मिटून आठवलं. तिला दहा लिहायचा फार मोह झाला. पण गुरुजींनी सांगितलं होतं, खरं लिहा. "नऊ," ती म्हणाली. "एक शब्द सुटला. हेमला शिंकला होता."

"मातीत बसून पाह्य मंग!" सळईपाशी बसलेला हेमला ओरडला. सगळे खो खो हसले.

दोनच्या मोटारीने साहेब गेले. पेटी चावडीतच राहिली. जाताना ते म्हणाले, "दुसऱ्या गावांतल्या शाळांनाही मी तुमची दहा शब्दांची रीत कळवतो. आधी दुपारी ऐकायचं, मग सेट द्यायचा. आणि पाटील, तेवढा रांजण मात्र…"

"आत्ता हलवतो जी!" उकंडराव म्हणाले.

* * *

नऊ दिवसांनी रुख्मिणीला मुलगी झाली. आणि ती काय रडली! दारात उभ्या असलेल्या तिघांनी कानांवर हात ठेवले.

"घ्या!" प्रयागबाई आतूनच हसत म्हणाली. "मी एवढं शिकून बसली, अन् हे पोट्टी तर जन्मायच्या आधीपासून बोंबलून राह्यली!"

पण त्याच आठवड्यात एका सकाळी तांड्यातून प्रयागबाईला बोलावणं आलं. हेमलाची काकी तुळसाबाई अडली होती. प्रयागबाई लगोलग गेली. पंचफुला आणि अन्सार वेशीवर वाट पाहत बसले. ऊन चढलं. दुपार झाली. शेवटी हेमला धावत आला.

"काय झालं रे? बोल नं!"

"नाई रडला…" हेमला धापा टाकत म्हणाला. "पयले रडलाच नाई! निळा पडला होता. काकी रडे, काका रडे. प्रयागमाय मात्र नाई घाबरली. तोंड पुसलं, पाठ चोळली, कापडात गुंडाळला, पुन्हा चोळली… अन् मंग रडला! पंचफुले, रडला थो!"

आणि एवढं सांगून तो स्वतःच रडायला लागला.

मागून प्रयागबाई येत होती. दमलेली, पण ताठ. वेशीवर थोरमोठे जमले होते, उकंडरावही होते. ते पुढे होऊन म्हणाले, "प्रयाग, तुझ्या हाताले यश हाये वं. आज दोन हातांनी एक जीव वाचवला तू."

प्रयागबाईने मान हलवली. तिने तिन्ही मुलांना जवळ ओढलं, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दोन नाई, पाटील," ती म्हणाली. "आठ हात होते. हे सहा मोजाले इसरून राह्यले तुमी."

उकंडराव हसले. त्यांनी सगळ्या गावासमोर वाकून तिघांची पाठ थोपटली. आणि पंचफुला, अन्सार आणि हेमला चावडीकडे धावत सुटले. आजचे दहा शब्द अजून मोजायचे होते!